एकदाच विचारणारा मुलगा

"घ्या ना तुम्ही," असं मी म्हटलं, आणि त्याने खरंच घेतलं. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

गणपतीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. फार्मसीतली शिफ्ट संपवून मी धावतपळत रिकार्टनमधल्या इंडियन दुकानात पोचले होते. बाहेर क्राइस्टचर्चचा तो चिवट पाऊस... धड पडत नाही, धड थांबत नाही. दुकानात मोदकाच्या पिठाचा एकच पुडा उरला होता आणि त्यावर एकदम दोन हात पडले. एक माझा. दुसरा एका उंच, ओल्याचिंब मुलाचा. एवढ्या थंडीत अंगात अर्धी चड्डी आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या साध्या स्लिपर! पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

मी फोनवर आईशी बोलत होते, त्यावरून त्याला मराठी कळलं असावं. "सॉरी... तुम्हाला पाहिजे का हे?" त्याने विचारलं.

"नको नको, घ्या ना तुम्ही."

आता यावर कुठल्याही घरंदाज मराठी माणसाने काय म्हणावं? 'छे छे, तुम्हीच घ्या.' मग मी म्हणणार, 'अहो, खरंच नको.' मग तो म्हणणार, 'बरं, निम्मं निम्मं करू.' मी तर पिशवीत रिकामा डबा आहे का तेही मनातल्या मनात आठवून ठेवलं होतं.

"स्वीट ॲज, झकास!" तो हसला. आणि पुडा काखेत मारून काउंटरकडे गेलासुद्धा!

मी तिथेच उभी. फोनमधून आई विचारतेय, "मिळालं का गं पीठ?" काय सांगू? त्या वर्षी माझ्या गणपतीने शिऱ्यावर समाधान मानलं. हसू मात्र छान होतं मेल्याचं. तेच तर जास्त लागलं.

माझा जन्म साताऱ्याचा. आमच्याकडे पाहुण्याने आधी 'नको' म्हणायचं, वाढणाऱ्याने ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. मग पाहुण्याने पानावर हात आडवा धरायचा, आणि तिसऱ्या खेपेला बोटांच्या फटीतून पोळी पानात पडायची. दोन्ही बाजू खूश. पुढे कॉलेजला पुण्यात होते, तिथली रीत वेगळी म्हणतात. पण मी होस्टेलवर राहत असल्यामुळे पुणेकरांना माझं काही बिघडवता आलं नाही. पुढे शिकायला म्हणून न्यूझीलंडला आले, फार्मासिस्ट झाले, इथेच राहिले. जीभ मात्र साताऱ्याचीच राहिली.

त्या शनिवारी मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये होता. प्रसादाच्या टेबलामागे तोच. अंगात झब्बा, खाली तीच अर्धी चड्डी. त्याच्या शेजारी एक गोऱ्या, ठेंगण्या, चटपटीत बाई मोदक मांडत होत्या. या लीला मावशी. सांगलीला जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आणि आता सहा महिने लेकीकडे राहायला रिकार्टनला आलेल्या. तो त्यांच्या बहिणीचा मुलगा.

"हा राघव," मावशींनी ओळख करून दिली. "सात वर्षांचा असताना वेलिंग्टनजवळ पोरिरुआला आला, तिथेच वाढला. इथे जुन्या इमारतींना भूकंपात पडू नयेत म्हणून टेकू लावत असतो."

"टेकू नाही, मावशी," तो म्हणाला. "स्टील." मग माझ्याकडे वळून, "मोदक?"

माझ्याच पिठाचे मोदक! कळ्या इतक्या नाजूक की बघत राहावं. तोंडाला पाणी सुटलेलं.

"नको... आत्ताच जेवलेय," मी म्हटलं.

"ऑल गुड," तो म्हणाला, आणि ताट पुढच्या माणसाकडे नेलं.

कार्यक्रम संपला तेव्हा पावसाने पुन्हा डोकं वर काढलं होतं. राघव किल्ल्या हलवत आला. "घरी सोडू?"

"नको, उगाच त्रास कशाला. बस आहे ना."

"ओके. गुड नाइट, उत्तरा."

गेला! मी बसस्टॉपवर कुडकुडत उभी राहिले आणि त्याला साताऱ्याच्या खास ठेवणीतल्या शिव्या घातल्या. बस यायला बराच वेळ लागला. बसमध्ये चढताना सहज समोर पाहिलं... तर रस्त्यापलीकडे त्याची गाडी. आत दिवा मिणमिणता, वायपर चालू. मी खिडकीशी बसल्यावर गाडी हलली आणि विरुद्ध दिशेने निघून गेली.

म्हणजे इतका वेळ थांबला होता? मग पुन्हा विचारलं का नाही? आणि विचारायचं नव्हतं, तर थांबला कशाला? आता याचा अर्थ काय लावायचा, सांगा!

पुढे सगळं असंच. नोव्हेंबरात कैकोराचा मोठा भूकंप झाला. आमच्याकडेही चांगलंच हललं. त्याचा मेसेज आला, 'ठीक आहेस?' मी लिहिलं, 'हो, काळजी नको.' त्याने केली नाही. पुन्हा मेसेज नाही की फोन नाही. मी फुगून बसले. सकाळी फार्मसी उघडायला गेले, तर हा डोक्याला हेल्मेट घालून आमच्या भिंतीवर बॅटरी मारत उभा.

"इकडून चाललो होतो," तो म्हणाला. "भिंत चांगली आहे. तू आत जाऊ शकतेस."

त्याचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. 'इकडून' कुठून चालला होता देव जाणे.

आम्ही भेटत गेलो. कधी मावशींकडे, कधी नदीकाठी. तो इंग्रजीतून बोलायचा, मध्येच मराठीवर यायचा, आणि मराठीवर आला की आवाज हळू व्हायचा. मला ते फार आवडायचं. पण आवडतं म्हणून कुणाला सांगणार? तो प्रत्येक गोष्ट एकदाच विचारायचा. कॉफी? आइस्क्रीम? सिनेमा? माझं पहिलं 'नको' झालं की त्याच्यापुरता विषय संपला. मी मनाशी ठरवून टाकलं, याला मी आवडत नाही. ज्याला हवं असतं तो आग्रह करतो, नाही का?

जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, एक दिवस मावशी फार्मसीत आल्या. "उंचावर डोकं दुखतं त्याच्यासाठी काय घ्यायचं गं?"

"कुठल्या उंचावर?"

"लडाख. जन्मभर पोरांना शीत वाळवंट शिकवलं, खडूने फळ्यावर काढून दाखवलं, आणि मी पाहिलेलं शीत म्हणजे फक्त सांगलीचं डिसेंबरातलं! मार्चमध्ये मी घरी जाणार. जुलैत राघव येतोय, त्याला त्या मातीच्या गोम्पा, म्हणजे मठ, बघायच्यात. इतकी वर्षं पडल्या कशा नाहीत, म्हणून." मग माझ्याकडे तिरकं बघत, "तूही चल. खोलीत मला सोबत होईल."

"नको हो मावशी, मी कुठे..."

"चल म्हणतेय ना!"

"अहो, पण..."

"तिकीट काढ."

याला म्हणतात विचारणं!

जुलैत मी तशीही घरी जाणार होते. आईने स्थळ पाहिलं होतं. मुलगा धैर्यशील, राहायला ऑकलंडजवळ हेन्डरसनला, नोकरी चांगली, आईवडील आता पुण्यात, पण मूळचे साताऱ्याचेच. "दोघं एकाच देशात, आणखी काय हवं?" इति आई. "ऑगस्टअखेर हो किंवा नाही सांगायचं. लटकवून ठेवायचं नाही लोकांना." म्हणजे राघवच्या मनात काय आहे, हे कळायला माझ्याकडे एक लडाख होतं. त्यानंतर संपलं.

लेहला पहिले दोन दिवस नुसतं बसून काढले. मावशी खिडकीतून डोंगर बघत बसल्या आणि मधूनच, "मी करडा रंग वापरायचे गं फळ्यावर... चुकलंच. जांभळा हवा होता," असं स्वतःशी बोलत राहिल्या. मग सिंधूच्या काठाकाठाने पश्चिमेकडे निघालो. नागडे डोंगर, आणि मध्येच मूठभर हिरवं गाव. जर्दाळूंची झाडं, छोरतेन म्हणजे पांढरे स्तूप, टेकडीच्या टोकाला गोम्पा. गोम्पात शिरलं की आधी काही दिसायचंच नाही. मग लोण्याच्या दिव्यांच्या उजेडात एकेक चेहरा उमलायचा. राघव मात्र बुद्धाआधी भिंतीला नमस्कार केल्यासारखा हात लावायचा. "नुसती माती आणि लाकूड," तो पुटपुटायचा. "हलते, म्हणून तुटत नाही."

एका गावाबाहेर मणी भिंत लागली. मंत्र कोरलेले हजारो सपाट दगड एकावर एक रचलेले, लांबच लांब. अशी भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. मावशी पुढे गेल्या होत्या. आम्ही दोघं मागे. वारा असा की माझी ओढणी त्याच्या खांद्यावर जाऊन बसली. ती सोडवून त्याने माझ्या हातात दिली... आणि हात लगेच काढला नाही.

"मला वेलिंग्टनला जॉब मिळालाय," तो म्हणाला. "भूकंपानंतर तिकडे कामं हीप्स आहेत, भरपूर. ऑगस्टमध्ये जाणार. पोरिरुआला, आईबाबांकडे."

मी ओढणी गळ्याशी घट्ट गुंडाळली. "अरे वा," मी म्हटलं.

मग भिंतीकडे बघत तो म्हणाला, "तू पण येऊ शकतेस. पोरिरुआला. म्हणजे... फार्मसी आहेत तिकडे. चांगल्या."

आणि मी काय म्हणावं? इतके महिने ज्याची वाट पाहिली ते कदाचित हेच होतं, कदाचित नव्हतंही, आणि माझी जीभ साताऱ्याची!

"नको रे... तिकडे वारा फार असतो."

"फेअर इनफ," तो म्हणाला.

भिंत संपेपर्यंत आम्ही दगड बघत चाललो. मला काही सुधरेना. ही मागणी होती की नोकरीची माहिती? मागणी असेल तर त्यात फार्मसी कशाला आली? आणि नुसती माहिती असेल तर त्याचे कान एवढे लाल का झाले होते? वाऱ्याने असतील. वाऱ्याने होतात.

त्या संध्याकाळी आम्ही एका घरी मुक्कामाला होतो. यजमानीणबाईंना सगळे अमाले म्हणायचे, म्हणजे आई. पाठीवर दोन वेण्या, चेहऱ्यावर सुरकुत्यांची जाळी, आणि हसल्या की डोळे गायब. स्वयंपाकघरात जमिनीवर गालिचे, पुढ्यात बुटकी नक्षीदार मेजं, भिंतीभर घासून लखलखलेली भांडी. अमालेंनी लोण्याचा खारा चहा आणला.

"दोन-ले, दोन-ले!" त्या म्हणाल्या.

"दोन कसले बाई, एकच पुरे," मावशी म्हणाल्या. ते 'घ्या, प्या' असं आहे, हे अमालेंच्या मुलाने हिंदीतून सांगितल्यावर आधी मावशीच हसल्या, मग सगळे.

मी 'नको' म्हणून कपावर हात धरला. अमालेंनी ऐकलंच नाही. मी पुन्हा 'नको'. त्यांनी माझं मनगट हळूच बाजूला सारलं. तिसऱ्यांदा मी तोंडाने 'नको' म्हणत कप पुढे केला आणि त्यांनी काठोकाठ भरला. समाधानाने मान हलवली. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हिमालयापलीकडे येऊन सातारा भेटला की हो!

राघवचा मात्र निकाल लागला होता. दिलेलं टाकायचं नाही म्हणून तो बिचारा घटाघट कप रिकामा करायचा, आणि कप रिकामा दिसला की अमाले भरायच्या. शेवटी डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"पितोस कशाला? भरलेला राहू दे, उठताना संपव," मी त्याच्या कानाशी म्हटलं.

तो माझ्याकडेच बघत होता. "तू नको म्हणालीस. दोनदा. तरी तिने ओतलं. आणि तू... यू वेअर हॅपी."

"अरे, लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. इथेही तसंच आहे म्हणे. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं."

"इथेही?" त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे... ते मोदकाचं पीठ?"

"हवं होतं."

"मोदक?"

"कधीचा!"

"त्या रात्रीची लिफ्ट?"

"पावसात मरायला हौस होती का मला?"

तो आधी हसला. मग हसता हसता थांबला. खिडकीतून उन्हाची शेवटची तिरीप त्याच्या गालावर आली होती. पुढचा प्रश्न आता येणार... पोरिरुआ...

"उत्तरा," तो हळू आवाजात, मराठीत म्हणाला, "चहाचं ठीक आहे. चहा मी दहादा विचारेन. पण काही गोष्टी परत नाही विचारता येत. मुलगी एकदा नको म्हणाली, तर मी ते नकोच ऐकणार. मला दुसरं काही ऐकायचंच नाही त्यात. तिने म्हटलेलं खरं नाही, असं मी कसं ठरवू?"

बरोबर बोलत होता. इतका बरोबर की मला रडू यायला लागलं, आणि अमालेंना वाटलं चहा गार झाला, म्हणून त्यांनी आणखी गरम ओतला.

म्हणजे विचारलं होतं का त्याने? की नव्हतं, आणि हे सगळं तो जगातल्या सगळ्या मुलींबद्दल बोलत होता? विचारायला धीर होईना. त्याचं उत्तर 'कुठे काय, मी फार्मसीबद्दल बोलत होतो' असं आलं असतं तर?

निघताना अमालेंनी आमच्या गळ्यात उपरण्यासारखे पांढरे रेशमी खटक घातले. लेहच्या विमानतळावर राघवने स्वतःच्या गळ्यातला काढून माझ्या गळ्यात घातला, माझ्या खटकावर आणखी एक. "सेफ ट्रॅव्हल्स," तो म्हणाला आणि वळला. मी विरघळून मावशींना विचारलं, "मावशी, हे..."

"निरोपाला घालतात गं इथे," मावशी म्हणाल्या. मग स्वतःची पिशवी खांद्याला लावत, "पण तो काही इथला नाही."

झालं! होता नव्हता तो उजेडही गेला.

पुण्यात धैर्यशीलच्या आईवडलांनी मला पसंत केलं. साधी, प्रेमळ माणसं. नाव ठेवायला जागा नाही, हेच तर दुखणं. क्राइस्टचर्चला परत आल्यावर एका शनिवारी धैर्यशील हेन्डरसनहून खास मला भेटायला आला. उमदा, हसरा, बोलका. आम्ही कॅफेत बसलो.

"केक घे ना," तो म्हणाला.

"नको, खरंच नको. सकाळपासून पोट बरं नाही."

"अगं, असं कसं! एक तुकडा."

"नको, प्लीज."

त्याने हसत हसत मागवला. केवढा मोठा तुकडा! तो प्रेमाने बशी माझ्याकडे सरकवत राहिला आणि मी त्या केककडे बघत राहिले. तिसऱ्यांदा आग्रह केला होता त्याने. जन्मभर ज्याला प्रेम समजत आले, तेच हे. चूक त्याची मुळीच नव्हती. तोही माझ्याच गावच्या रीतीत वाढलेला. पण मला खरंच नको होता हो तो केक. आणि एकाएकी मला पावसात वायपर हलवत उभी असलेली ती गाडी आठवली. माझा शब्द खाली पडू न देता, मला एकटीही न सोडता, पलीकडे थांबलेली. इतके महिने मी तिचा अर्थ शोधत होते. अर्थ तर समोरच उभा होता, दिवे लावून!

"धैर्यशील," मी म्हटलं, "मला हे लग्न करायचं नाही. माझं मन दुसरीकडे आहे."

"घाई नको गं. विचार करून सांग."

"नाही."

"अगदी आत्ताच नको सांगूस..."

"नाही, धैर्यशील."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्याला पटलं. भला माणूस तो. चेहरा उतरला, पण मला टॅक्सीपर्यंत सोडायला आला. त्याच संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं. आई आधी रागावली. मग म्हणाली, "तो दुसरा कोण आहे त्याने विचारलं तरी आहे का तुला?"

"बहुतेक," मी म्हटलं.

"बहुतेक म्हणजे?"

तेच तर कोडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघव निघणार होता. किनाऱ्याचा रस्ता भूकंपापासून बंदच, त्यामुळे डोंगरातल्या लांबच्या रस्त्याने जाऊन फेरीबोट गाठायची होती. मी पोचले तेव्हा तो गाडीत खोकी भरत होता. पावसाची भुरभुर. पायात त्याच जँडल्स. मला पाहून त्याच्या हातातलं खोकं किंचित कलंडलं.

"किया ओरा," त्याने माओरीत नमस्कार केला. "बाय म्हणायला आलीस?"

"नाही." रस्ताभर पाठ केलेलं सगळं विसरले. "राघव, त्या भिंतीपाशी तू मला पोरिरुआबद्दल विचारलंस. ते काय होतं? फार्मसीबद्दल होतं का?"

त्याने खोकं खाली ठेवलं. कान लाल. वारा तर अजिबात नव्हता.

"थोडं फार्मसीबद्दल होतं," तो म्हणाला. "नाही... नव्हतं."

"मग ऐक. तू पुन्हा विचारू नकोस. तुझं बरोबर आहे. मीच सांगते." मी छत्री मिटून हातात घट्ट धरली. "मला यायचंय. पोरिरुआला वारा असला तरी, नसला तरी. मला तू हवा आहेस. मला तू पहिल्यापासून हवा आहेस, पीठ घेऊन पळालास ना, तेव्हापासून. माझ्याशी लग्न करशील?"

आयुष्यात पहिल्यांदाच 'हवा' हा शब्द मी असा उघड्यावर बोलले होते. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "नको."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. क्राइस्टचर्चला हे नवीन नाही, पण या वेळी फक्त माझ्याच पायांखालची होती. नको? मग खटक? मग लाल कान? सगळं मीच रचलं होतं की काय? मी मागे वळणार, तेवढ्यात पाहिलं... त्याच्या ओठांचा एक कोपरा थरथरत होता. आणि त्याने हळूच एक बोट वर केलं होतं.

"एक झालं," तो म्हणाला. "अमालेने शिकवलं. चांगल्या घरचा माणूस लगेच हो म्हणत नाही."

"राघव!" मी हातातली ओली छत्री त्याला मारली. रडू आणि हसू एकदमच. "जीव गेला असता माझा! मूर्खा, नालायका... करशील की नाही लग्न?"

आता खरं तर त्याने दुसऱ्यांदा 'नको' म्हणायचं होतं. मग मी तिसऱ्यांदा विचारायचं. साग्रसंगीत, रीतीप्रमाणे. त्याने दुसरं बोट वर केलंही. तोंडही उघडलं.

"हो," तो म्हणाला. "हो. सॉरी... हो."

रीत काही त्याला जमली नाही.

खूप वेळाने, माझं डोकं त्याच्या ओल्या जॅकेटवरून उचलल्यावर, त्याने गाडीतून थर्मास काढला. झाकणात चहा ओतला. ओतता ओतता थबकला, आणि माझ्याकडे पाहिलं. "चहा घेणार?"

"हो," मी म्हटलं, आणि झाकण त्याच्या हातातून ओढूनच घेतलं.